समुद्रकाठचे घर आणि आजींचा चौविहार

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी पुढच्या उन्हाळ्याचे बेत आखले जातात. नाशिकच्या काही घरांत त्यात आता इटलीच्या समुद्रकाठी आठवडाभर व्हिला भाड्याने घेण्याचा बेतही असतो. आमाल्फीची छायाचित्रे हातोहात फिरतात, नातवंडे हरखतात आणि तेवढ्यात आजी शांतपणे म्हणतात, "तुम्ही सगळे जाऊन या, मी घर सांभाळते." हे वाक्य सहसा कोणी तपासून पाहत नाही. खरे नियोजन मात्र तेथूनच सुरू व्हायला हवे.

या वाक्यामागे दोन निराळी कारणे असू शकतात. आजींनी दिग्व्रत घेऊन प्रवासाच्या दिशांची व अंतराची मर्यादा स्वीकारली असेल, तर तो त्यांचा निश्चय आहे. तेथे आग्रह अनुचित ठरतो. पण तसे व्रत नसेल, तर तो बहुधा संकोच असतो. आपला चौविहार, आपले कंदमुळांचे नियम यांपायी मुलांची अडचण होऊ नये, एवढीच त्यामागची भावना असते. असा संकोच दूर करणे कुटुंबाच्या हाती आहे आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असलेले घर हा त्याचा सर्वांत चांगला उपाय आहे.

इटलीतील उपाहारगृहे रात्रीच्या जेवणासाठी साधारणतः सायंकाळी साडेसातच्या सुमारास उघडतात. मेअखेरीस दक्षिण इटलीत सूर्यास्त आठनंतर होतो. तेवढ्या अवधीत जागा मिळवून, पदार्थांची चौकशी करून जेवण उरकणे ज्येष्ठांना जमणारे नाही. घरचा स्वयंपाक असेल, तर सातच्या आत जेवण आटोपून सारे कुटुंब निवांतपणे सूर्यास्त पाहायला बसू शकते.

प्रवासाचा काळही विचारपूर्वक निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये तेथील किनारे गजबजलेले असतात व भाडेही चढे असते. आपल्याकडे तो काळ चातुर्मासाचा आणि पुढे पर्युषणाचा. त्यामुळे मेचा उत्तरार्ध सोयीचा, कारण मुलांनाही तेव्हा सुट्टी असते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी 6 महिन्यांपासून करता येतो आणि तो किमान 15 दिवस आधी करावा लागतो. सोबत किमान 30,000 युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. आजींचा विमा काढताना त्यांच्या जुन्या आजारांचा समावेश आहे की नाही, हे आवर्जून वाचावे.

घर निवडताना "समुद्र दिसतो का?" या प्रश्नाआधी "पायऱ्या किती?" हा प्रश्न विचारावा. आमाल्फी किनाऱ्यावरील पोझितानोसारखी गावे कड्याला बिलगून वसलेली आहेत. तेथील कित्येक घरांपर्यंत पोहोचायला लांबलचक जिने चढावे लागतात. गुडघ्यांचे दुखणे असेल, तर पुलिया प्रांतातील सखल किनारा अधिक सुखाचा. भाड्याने दिल्या जाणाऱ्या अशा घरांच्या जाहिरातीत आता राष्ट्रीय नोंदणी क्रमांक देणे बंधनकारक आहे. तो पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नये.

सामान भरताना एक नियम विसरू नये. युरोपीय संघात बाहेरील देशांतून प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे तूप आणि पेढे घरीच ठेवावे लागतात. ताजा कढीपत्ता व हिरव्या मिरच्याही रोगमुक्ततेच्या दाखल्याविना चालत नाहीत. डाळी, कोरडे मसाले, छोटा कुकर आणि पाणी गाळण्याचे गळणे एवढी शिदोरी पुरेशी होते. वीजदाब आपल्यासारखाच 230 व्होल्टचा असला, तरी तेथील प्लग निराळा असतो.

बाकीचे तेथील बाजारात मिळते. टोमॅटो, दुधी कुळातील झुकिनी, ढोबळी मिरची, शेंगा आणि आमाल्फीची सुप्रसिद्ध लिंबे यांवर आठवडा सहज निघतो. पुलियाचा ओरेकिएत्ते हा पास्ता परंपरेने रवा आणि पाण्याचाच असतो, त्यात अंडे नसते. ताज्या पास्त्याच्या इतर प्रकारांत मात्र ते बहुधा असते. उत्तरेकडील लिगुरिया किनाऱ्यावर बेसन, पाणी, मीठ व ऑलिव्ह तेल यांची फारिनाता भट्टीत भाजतात. ती पाहून आजींना आपल्या धिरड्याचीच आठवण व्हावी. मात्र तुळशीच्या पेस्तोत लसूण असतो आणि पार्मेजानो चीज वासराच्या जठरातील विरजणाने बनते. ते शाकाहारी नाही, हे घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

एवढी तयारी झाली की आजींना पुन्हा विचारावे. या वेळी "येणार का?" असे न विचारता, "तिथल्या स्वयंपाकाची यादी तुम्ही करून द्याल का?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नात केवळ आमंत्रण असते, दुसऱ्यात त्यांची जागा ठरलेली असते. त्या तरीही नाही म्हणाल्या, तर तो नकार मनापासूनचा समजून स्वीकारावा. त्या आठवड्यात त्यांच्यासोबत घरी कोण थांबणार, हेही मग त्याच बैठकीत ठरवावे. पण पुष्कळदा असे घडते की आजी चष्मा शोधतात, कागद पुढे ओढतात आणि यादीच्या पहिल्या ओळीत लिहितात, 'मूगडाळ, दोन किलो.'