काढून टाकण्याचे मार्क

मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर मी आधीच बजावलं होतं, मी कॉन्व्हेंटवाली, ऱ्हस्व-दीर्घ तुमचं तुम्ही बघा. तर मंडळी, विषय आहे विमानवाहू जहाजावरचं छोटं लढाऊ विमान. जळगाव-धुळ्याला समुद्र नाही हे मलाही माहीत आहे. पण गोव्याच्या ट्रिपमध्ये सगळे बीचवर गेले आणि आम्ही चौघी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात घुसलो. तिथे 'सी हॉक' उभं आहे. ४ डिसेंबर १९७१ ला याच जातीच्या विमानांनी 'विक्रांत'वरून उडून कॉक्स बाजारवर हल्ला केला. तेव्हा तडा गेल्यामुळे जहाजाचा एक बॉयलर बंद होता. (बॉयलरचा चॅप्टर ऑप्शनला टाकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

सी हॉकचे पंख घडी होतात, कारण जहाजावर जागा कमी. पण घडी म्हणजे बिजागऱ्या आल्या, लॉक आले, आणि त्यांचं वजन आलं. अमेरिकेत डग्लस कंपनीच्या एड हाइनमन यांनी 'स्कायहॉक' करताना उलटा विचार केला. पंखच इतके आखूड ठेवले (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ८.४ मीटर) की घडीची गरजच उरली नाही. चाकं पुढच्या बाजूला मिटणारी. हायड्रॉलिक गेलं तरी ती आपल्या वजनाने खाली येतात आणि समोरचा वारा त्यांना मागे ढकलतो. नौदलाने ३०,००० पौंडांची मर्यादा दिली होती, यांचं डिझाइन जवळपास निम्म्यात बसलं. १९५४ मध्ये पहिलं उड्डाण, आणि १९७९ पर्यंत २,९६० विमानं बनली!

आता मेसमधला वाद. नौदलाच्या 'तेजस'चा विषय निघाला की कोणीतरी म्हणणारच, "पैसे पाण्यात गेले भो!" मला हे पटत नाही. ते विमान मुळात हवाईदलासाठी, लांब धावपट्टीसाठी आखलेलं. जहाजावर उतरताना ते हळूच टेकत नाही, आदळतं, आणि हुकात दोर अडकून शंभर मीटरच्या आत थांबतं. म्हणून चाकांचे पाय जाड करा, सांगाडा मजबूत करा, हुक लावा. वजन वाढणारच. त्यात आपल्या जहाजांवर स्कायहॉकसारखं फेकून देणारं कॅटापल्ट नाही, पुढे वर वळलेला उतार आहे. जोर सगळा इंजिनाचा, आणि इंजिन एकच. डिसेंबर २०१६ मध्ये नौदलप्रमुखांनी वजन जास्त होतं असं सांगितलं, ते बरोबरच होतं. तरीही ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते 'विक्रमादित्य'वर उतरवून दाखवलं आणि ६ फेब्रुवारी २०२३ ला ते नव्या 'विक्रांत'वरही उतरलं. जहाजावर उतरायची विद्या आपल्याला कोणी विकत दिली असती का? ती आपण शिकलो. नौदलाच्या पुढच्या दोन इंजिनांच्या विमानाला ती लागणारच आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. आम्ही थर्ड इयरला गो-कार्ट केली. फ्रेम वाकेल म्हणून एक पाइप जोडला, त्याच्यासाठी ब्रॅकेट, ब्रॅकेटसाठी पत्रा. शेवटी ठरवल्यापेक्षा ती बरीच जड झाली आणि चढावर माझ्या रूममेटला उतरून ढकलावी लागली. व्हायव्हाला काय विचारलं? "अजून काय अ‍ॅड करता येईल?" काय काढलंत, असं कोणीच विचारलं नाही. रिपोर्टचंही तसंच, जाड असला की मार्क. सरांनी रागावू नये, पण हाइनमन आमच्याकडे असते तर टर्मवर्कला काठावर पास झाले असते.

कार्ट अजून वर्कशॉपमागे उभी आहे. तिच्यातून काय काय काढता येईल याची यादी आम्ही केली आहे. पहिल्या नंबरवर पुढचा मोठा पत्रा आहे. अडचण एवढीच, की स्पॉन्सरचं नाव त्याच्यावरच रंगवलंय.