रविवारची संध्याकाळ

रविवारी दुपारचा चहा झाला, की माझ्या मनात सोमवार सुरू होतो. तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटात असतो; पण त्याचे ओझे हातातल्या कादंबरीवर येऊन बसते. तीच ओळ मी तीनदा वाचतो. या धास्तीला आपण स्वभावदोष मानतो आणि तिच्यावर वेळेच्या नियोजनाची मात्रा देतो. मला हे निदान अपुरे वाटते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीची मागणी १८८४ पासून लावून धरली. ती १० जून १८९० रोजी मान्य झाली. म्हणजे हा दिवस मुळात झगडून मिळवलेला आहे. (आपल्या वर्गात हे किती जणांना ठाऊक असते?) गिरणीचा भोंगा निदान दाराबाहेर वाजत असे, आपला भोंगा खिशात असतो, आणि विभागप्रमुखांचा निरोप नेमका रविवारी संध्याकाळी येतो. सोमवारचे पहिले काम शनिवारीच कागदावर उतरवून ठेवले तर मन थोडे निवते, हा माझा अनुभव. पण तेवढ्याने भागत नाही. त्या निरोपाला सोमवारी सकाळीच उत्तर द्यायचे, असे मी अलीकडे ठरवले आहे. पहिल्या रविवारी हात चार वेळा फोनकडे गेला.