धर्माला विज्ञानाचं सर्टिफिकेट कशाला?



आजचं लिखाण वाचून काही जणींना माझा राग येईल. येऊ दे. दशलक्षण पर्व तोंडावर आलंय आणि पुन्हा तेच मेसेज फिरायला लागलेत. 'जपानी शास्त्रज्ञाला उपवासासाठी नोबेल.' 'पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव, विज्ञानाने केलं सिद्ध.' 'दोन सूर्य सापडले, आपल्या शास्त्रात आधीच होते.' यंदा मी यातला एकही पुढे पाठवणार नाही. तुम्हीही पाठवू नका, हे सांगायलाच आज बसले आहे.

कारण माझ्या घरातलंच आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना अक्का म्हणते, सत्तरी ओलांडलेल्या. बरीच वर्षं इन्सुलिनवर आहेत. पर्वात एरवी त्या डॉक्टरांना विचारून एकाशन करायच्या. गेल्या वर्षी त्यांनी उपवास धरले आणि कुणाला न सांगता इन्सुलिन बंद केलं. चौथ्या दिवशी सकाळी त्या देवघरासमोर पडलेल्या सापडल्या. साखर भलतीच चढलेली, अंगातलं पाणी कमी झालेलं, शुद्ध हरपत चाललेली. चार दिवस अतिदक्षता विभागात होत्या. बऱ्या झाल्यावर मोठ्या भाऊजींनी विचारलं, "तुला इन्सुलिन बंद करायला सांगितलं कुणी?" अक्कांनी मोबाईल पुढे केला. उपवासात शरीर आपली साखर आपणच सांभाळतं, औषध लागत नाही, याच शोधाला नोबेल मिळालंय, असा तो मेसेज होता. पाठवणारी मी.

मी तो धड वाचलाही नव्हता. वर दोन हात जोडलेले, खाली 'अनुमोदना', आणि दिला ढकलून. अक्का मला एक शब्द बोलल्या नाहीत. क्षमावाणीच्या दिवशी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा मला रडू आवरलं नाही.

त्यानंतर मी एक काम केलं. मी बी.कॉम. झालेली बाई. लग्नाआधी दोन वर्षं सासऱ्यांच्या ओळखीच्या पेढीवर वह्या लिहिल्या आहेत. तिथे पहिला धडा हा की व्हाउचर नसेल तर नोंद करायची नाही. भाच्याला शेजारी बसवलं आणि एकेका मेसेजचं व्हाउचर शोधलं.

आधी उपवासाचं बघू. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, हे खरं. पण ते उपवासासाठी नव्हे. पेशी आपल्यातलाच टाकाऊ भाग मोडून पुन्हा कशा वापरतात, त्या यंत्रणेच्या शोधासाठी ते होतं. आणि त्यांचं मूळ काम माणसांवर नव्हतंच. ते होतं यीस्टवर. ज्या यीस्टमुळे आपल्यातल्या कितीतरी जणी पाव खात नाहीत, तेच यीस्ट! उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या पेशीत काय दिसलं, यावरून सत्तरीच्या बाईने इन्सुलिन सोडावं, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

प्राण्यांवरचं संशोधनही आहे. कमी खायला दिलेले उंदीर जास्त जगतात, हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मॅके यांनी १९३५ साली दाखवलं. पुढे माकडांवर दोन मोठे अभ्यास झाले. विस्कॉन्सिनच्या गटाने २००९ मध्ये सांगितलं की कमी खाणाऱ्या माकडांना फायदा झाला. अमेरिकी सरकारच्या संस्थेतल्या गटाने २०१२ मध्ये सांगितलं की आयुष्य काही वाढलं नाही. मग दोघे काय करत बसले? भांडत? नाही. दोन्ही गटांनी आपापल्या वह्या समोरासमोर ठेवल्या, कुणाच्या माकडांना काय खायला होतं, किती साखर होती, कोणत्या वयात सुरुवात केली, हे ताडून पाहिलं आणि २०१७ मध्ये एकत्र निबंध लिहिला. बँकेचं पासबुक आणि आपली वही जुळत नसली की आपण जे करतो तेच. आणि एक बघा, त्या माकडांना उपाशी ठेवलेलं नव्हतं, रोज थोडं कमी दिलं होतं. आपल्या बारा तपांत त्याच्या जवळचं काही असेल तर ते अवमौदर्य, भुकेपेक्षा चार घास कमी खाणं. पण 'चार घास कमी खा' असा मेसेज कुणी पाठवत नाही. त्यात मिरवण्यासारखं काही नाही ना!

आता तो थेंब. ३६,४५० हा आकडा मी पाठशाळेत असल्यापासून ऐकतेय. मेसेजमध्ये 'कॅप्टन स्कोर्सबी' असं नावही असतं. हे विल्यम स्कोर्सबी कोण होते? इंग्लंडमधल्या व्हिटबीचे, देवमाशांच्या शिकारीला उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जाणाऱ्या जहाजाचे कप्तान. अहिंसेचा दाखला आपण देवमासे मारणाऱ्या माणसाकडून घेतलाय! तरीही माणूस अभ्यासू होता. तिकडचं समुद्राचं पाणी एके ठिकाणी पिवळट हिरवं दिसलं, म्हणून त्यांनी त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काचेवरच्या एका चौकोनात सरासरी ५० जीव होते आणि थेंबाने ५२९ चौकोन व्यापले होते. करा गुणाकार. २६,४५० येतात. आपल्या मेसेजमध्ये दोनाचा तीन कुणी केला? आणि हा हिशोब त्या रंग बदललेल्या समुद्राच्या पाण्याचा. आपल्या नळाचा किंवा विहिरीचा नव्हे.

याहून मोठी चूक आपल्याच शास्त्राची आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हलताना दिसतात ते त्रस जीव. जलकायिक जीवाचं तर पाणी हेच शरीर. तो कुठल्या काचेतून दिसणार? म्हणजे या मेसेजमध्ये विज्ञान चुकलं, आकडा चुकला आणि धर्मही चुकला. तरी आपण 'अनुमोदना' लिहून मोकळ्या.

याचा अर्थ पाणी गाळणं व्यर्थ आहे का? मुळीच नाही. खरं व्हाउचर हवं असेल तर ते बांगलादेशात आहे. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ६५ खेड्यांत बायकांना जुनी सुती साडी घड्या घालून घागरीच्या तोंडाशी धरायला शिकवलं. त्याचा निबंध २००३ मध्ये आला. साडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी ४८ टक्क्यांनी कमी झाली. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटलेले असतात आणि ते जीव साडीच्या घडीत अडकतात. नव्या साडीपेक्षा जुनी बरी, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि विणीतली भोकं बारीक होतात. हे वाचून मला माझ्या आजीचं गाळणं आठवलं. पण आजी पटकीसाठी गाळत नव्हती. गाळण्यात अडकलेले जीव ती पुन्हा त्याच विहिरीत सोडून यायची. ते जिवाणी पोहोचवणं कुठल्याच निबंधात नाही, आणि आपला धर्म नेमका तिथे आहे.

तिसरा मेसेज आकाशाचा. केप्लर दुर्बिणीला दोन ताऱ्यांभोवती फिरणारा ग्रह सापडला, नासाने तो २०११ मध्ये जाहीर केला. लगेच आपल्या गटात, 'जंबूद्वीपातले दोन सूर्य सिद्ध झाले!' अगं, ते तारे दुसरेच, कितीतरी प्रकाशवर्षं दूर. शास्त्रातले दोन सूर्य मेरूभोवती फिरून आपल्याकडे दिवस-रात्र करतात. दोन्हींचा संबंध काय? आणि गंमत म्हणजे याच गटात महिन्याभरापूर्वी 'माणूस चंद्रावर गेलाच नाही, नासा खोटं बोलते' असाही मेसेज आला होता. आपल्याला हवं ते बोलली की नासा खरी, नाही बोलली की लबाड. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान उतरलं तेव्हा आमच्या सोसायटीतल्या याच बायकांनी पेढे वाटले होते.

सूर्यास्ताआधी जेवण आपण सगळ्या पाळतो. मुंबईपेक्षा नागपूरला सूर्य साधारण २५ मिनिटं आधी मावळतो. माझी लेक तिकडे दिली आहे, म्हणून मला ठाऊक. कॅलेंडरवर सूर्यास्ताची जी वेळ बघून आपण पानं वाढतो, ती पृथ्वी गोल आहे आणि स्वतःभोवती फिरते, हे धरूनच काढलेली असते. व्रत त्या गणितावर पाळायचं आणि त्या गणिताला खोटं म्हणायचं, हे मला जमत नाही.

मग तू शास्त्रातलं लोकवर्णन मानत नाहीस का, असं एका ताईंनी मला बस्तीत तोंडावर विचारलं. मी लोकभावना रोज चिंतते, ताई. एवढा अफाट लोक, त्यात अनादि काळापासून भटकणारा माझा जीव, हे मनात आलं की कालचं सुनेशी झालेलं भांडण लाजिरवाणं वाटतं. लोकभावनेचं काम ते आहे. तिला दुर्बिणीची सही नको, आणि दुर्बिणीने खोडलं म्हणून ती भावना बुडतही नाही.

आता हिशोबातली खरी लबाडी सांगते. आपण विज्ञानाच्या वहीतली जमेची बाजू तेवढी उतरवतो, नावेची बाजू लिहीतच नाही. अक्कांना वाचवलं त्या इन्सुलिनचं खातं उघडून बघा. १९२१ साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधलं ते कुत्र्यांवर प्रयोग करून. कुत्र्यांचं स्वादुपिंड काढून त्यांना मधुमेह केला होता. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मरणासन्न मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं आणि त्यानंतर लाखो जीव वाचले. पण कित्येक दशकं ते औषध गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच निघत होतं. जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन १९८२ साली बाजारात आलं. ही हिंसा आपल्या नावे लिहायला नको? औषध घेऊ नका, असं मी म्हणत नाही. अक्कांना मी स्वतः सुई देते. पण घेताना त्या मुक्या जिवांचं देणं आठवावं, एवढं तरी करू.

आणि आठवून थांबू नये. प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग शोधा, प्राणी कमी वापरा, वेदना कमी करा, हा विचार रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांनी १९५९ सालीच मांडला. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या आपल्या देशाने २०१४ मध्ये बंद केल्या. नव्या औषधांसाठी प्राण्यांशिवायच्या पद्धतीही २०२३ च्या नियमबदलाने मान्य झाल्या. हे आपल्या अहिंसेच्या किती जवळचं काम! आपला समाज दवाखान्यांना, पांजरपोळांना दान देतो. अशा संशोधनाला कुणी बोली बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही. त्याचे मेसेजही फिरत नाहीत.

काही जणी म्हणतात, खोटं का असेना, त्याने श्रद्धा वाढते, काय बिघडलं? बिघडतं. एक तर अक्कांसारखं होतं. दुसरं माझ्या नातवाने केलं. त्याने तो थेंबाचा मेसेज दोन मिनिटांत तपासला आणि मला विचारलं, "आजी, हे खोटं निघालं. मग बाकीचंही खोटंच असेल ना?" त्याला काय उत्तर द्यायचं? आपण धर्म उसन्या खांबावर उभा केला. खांब हलला तर पोरं धर्मालाच हलवणार.

आणि सत्य अणुव्रताचे अतिचार आपण सगळ्यांनी पाठ केलेत. मिथ्योपदेश त्यात आहे, कूटलेखक्रियाही आहे. खोटा मजकूर लिहिणं एवढाच त्याचा अर्थ धरून आपण सुटतो. बोटाने पुढे ढकलणं म्हणजे काय मग? उत्तम सत्याच्या दिवशी पूजा करायची आणि संध्याकाळी खोटा आकडा शंभर जणींना पाठवायचा, हे कसं चालेल?

उपवास करा, मीही करणार आहे. निर्जरेसाठी करा, नोबेलसाठी नको. साखर, रक्तदाब, हृदय यांची औषधं चालू असतील तर पर्वाच्या आधीच डॉक्टरांकडे जा आणि काय झेपेल ते ठरवा. एकाशन केलं, एखादा रस सोडला तरी तप होतं. गाळणं नळाला बांधा, आणि ते कशासाठी, हे सुनेला खरं सांगा. मेसेज आला तर व्हाउचर मागा. नसेल तर तो तिथेच राहू द्या.

अक्का यंदा एकाशन करणार आहेत, डॉक्टरांनी बदलून दिलेल्या मात्रेवर. स्वयंपाक माझ्याकडे आहे.

उत्तम क्षमा. कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा, पण लिहिलेलं मागे घेणार नाही.