रोही, रानडुक्कर आणि ग्रामसभेचा ठराव

हरभऱ्याला घाटे धरले, तुरीला शेंगा लागल्या की वाटूर व आसपासच्या गावांतील शेतकऱ्याची झोप उडते. दिवसभर राबावे आणि रात्री माळ्यावर बसून जागल करावी, हाच त्याचा क्रम होतो. पहाटे क्षणभर डोळा लागला, तर रोह्यांचा कळप उभे पीक तुडवून जातो. मग पारावर एकच सूर निघतो, ‘सरकारने बंदोबस्त करावा.’ ग्रामसभेत त्याच अर्थाचा एका ओळीचा ठराव होतो आणि तो दप्तरात पडून राहतो. आमच्या मते हा दोष केवळ वरच्या कचेरीचा नाही. तो ठराव लिहिणाऱ्यांचाही आहे.

ठराव कोणाच्या विचारासाठी करावयाचा, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये राज्य वन्यजीव मंडळ असते. मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष असतात व वर्षातून निदान दोन बैठका व्हाव्यात असा नियम आहे. वन्यजीवांविषयीचे धोरण आणि अनुसूचीतील बदल यांबाबत शासनास सल्ला देणे हे मंडळाचे कर्तव्य आहे. कायद्यातील सदस्यांच्या यादीत पशुसंवर्धन व मत्स्यव्यवसाय खात्यांच्या संचालकांना स्थान आहे; कृषी संचालकांना नाही, आणि शेतकऱ्यासाठी निराळी जागाही नाही. ही उणीव दूर व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर बांधावरचा आवाज तेथे पोहोचविण्याचे हाती असलेले साधन म्हणजे ग्रामसभेचा ठराव होय.

तथापि, ठराव कायद्याच्या चौकटीत बसला पाहिजे. काळवीट अनुसूची 1 मध्ये आहे. पीक खाल्ले म्हणून त्यास मारण्याची परवानगी कायदा देत नाही. रोही व रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये आहेत; उभ्या पिकास त्यांचा धोका असल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. एखादा प्राणी ‘उपद्रवी’ ठरविण्याचा अधिकार केंद्र शासनाचा आहे, आणि तेही ठराविक क्षेत्रापुरते व ठराविक मुदतीपुरते. 2015-16 मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही व रानडुक्कर यांस असे ठरविले गेले. म्हणजे ‘सर्व जनावरे मारू द्या’ ही मागणी व्यर्थ आहे. क्षेत्र व पुरावा दाखविणारी मागणीच विचारार्ह ठरते.

म्हणून ठरावात प्राण्याचे नाव, पीक, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, नुकसानीच्या तारखा आणि वन खात्याकडे केलेल्या भरपाईच्या अर्जांची संख्या लिहावी. शेवटी मागणी एकच व स्पष्ट असावी : कुंपणास साहाय्य, वेळेवर पंचनामा किंवा शिकारीची परवानगी. गणपूर्ती झाल्याची नोंद असावी. एक प्रत वनक्षेत्रपालांस, एक तालुका कृषी अधिकाऱ्यांस आणि एक मंडळाचे सदस्य-सचिव असलेल्या मुख्य वन्यजीव रक्षकांस नागपूर येथे पाठवून पोच घ्यावी.

‘अर्ज करून काय मिळते?’ असे म्हणून पुष्कळ शेतकरी नुकसान कळवीतच नाहीत. ही मोठी चूक आहे. ज्या गावाचे अर्ज नाहीत, त्या गावाचे नुकसानही नाही, असाच कागदाचा अर्थ होतो. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र शासनाने पीक विम्यात वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान खरीप 2026 पासून समाविष्ट करण्याचे जाहीर केले. त्यासाठी प्राण्यांची यादी व बाधित क्षेत्रे राज्याने मागील नोंदींवरून ठरवावयाची आहेत. नोंद नसेल, तर गाव यादीत यावे कसे?

कित्येक जण संतापाच्या भरात कुंपणात वीज सोडतात. तीत जनावराबरोबर शेजारचा माणूसही प्राणास मुकतो. असा उपाय कोणीही करू नये. रोह्याचे गवताळ रान आपणच नांगराखाली आणले, हेही विसरता कामा नये. त्याने जगावे आणि शेतकऱ्यानेही जगावे, असा मार्ग धोरणानेच निघेल.

गावपातळीवरील सेवकांनी पुढील ग्रामसभेपूर्वी आठ दिवस शेतोशेत फिरून ही माहिती टिपावी आणि शेतकरी बंधु-भगिनींनी त्यांना साथ द्यावी. पीक राखण्यासाठी आपण रात्र जागवितो. ते राखले जावे म्हणून एक दिवस ग्रामसभेत बसणे जड वाटू नये.