थांबवण्याचा अधिकार

थंडी ओसरू लागली की चंदीगड शहर घराबाहेर पडते. सेक्टर 16 मधील झाकिर हुसेन गुलाब उद्यानात फेब्रुवारीत गुलाब महोत्सव भरतो, सेक्टर 34 च्या मैदानावर प्रदर्शने लागतात आणि सेक्टर 17 च्या प्रशस्त फरसबंद चौकात संध्याकाळी माणसांची रीघ लागते. जेथे माणसे तेथे मुले, आणि मुले तेथे खेळ हे ओघानेच आले. एकेकाळी जत्रेतला खेळ म्हणजे आकाशपाळणा आणि लाकडी घोड्यांचे चक्र. आता त्यांच्या शेजारी रंगीत कापडाचा, हवेने फुगवलेला उड्या मारण्याचा किल्ला डोलत असतो. कोठे कोठे गाडीवरून आणलेली, प्लास्टिकचे खडक जडवलेली चढाईची भिंतही उभी दिसते.

पाळण्याकडे पाहून पालकांच्या पोटात गोळा येतो. किल्ल्याकडे पाहून येत नाही. पडले तरी मूल गादीवरच पडणार, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

महाराष्ट्रातील किल्ल्यांचा पाया कातळात असतो. या किल्ल्याला मात्र पायाच नसतो. ब्लोअर नावाचा विजेचा पंखा त्यात अखंड हवा भरत राहतो आणि शिवणींतून ती हवा सतत बाहेर पडत असते. पंखा बंद पडला की किल्ला हळूहळू खाली बसतो आणि आतली मुले जड कापडाच्या घड्यांत सापडतात. म्हणून वीज गेली की आधी मुलांना बाहेर काढायचे आणि मग जनित्राकडे धावायचे. प्रत्यक्षात अनेकदा याच्या उलट घडते.

वाऱ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. पाच मीटर रुंद आणि चार मीटर उंच अशी फुगवलेली भिंत म्हणजे एक शीडच होय. ताशी 36 किलोमीटर वेगाचा वारा तिच्यावर समोरून आदळला, तर तो सुमारे सव्वाशे किलो वजनाइतक्या जोराने तिला ढकलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणजे जवळजवळ पाचशे किलो. युरोपात पाळल्या जाणाऱ्या मानकानुसार असा किल्ला किमान सहा ठिकाणी जमिनीशी जखडावा लागतो आणि वारा ताशी 38 किलोमीटरच्या पुढे गेला की तो वापरता येत नाही. हा वेग ओळखण्याचे लहानसे यंत्र मिळते. ते नसेल तर झाडांकडे पाहावे. पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागली, की ती मर्यादा जवळ आली असे समजावे.

मोकळ्या मैदानात खुंट्या ठोकता येतात. फरसबंद चौकात त्या ठोकणार कोठे? तेथे प्रत्येक दोराला वजन बांधावे लागते आणि तेच मानक एकेका दोरासाठी सुमारे 163 किलो वजन सांगते. वाळूची दोन-तीन पोती टेकवून ते होत नाही. किल्ल्याचा दोर जवळच्या कठड्याला, विजेच्या खांबाला किंवा मालमोटारीच्या चाकाला बांधलेला दिसला, तर पालकांनी तिकीट काढू नये. हा भित्रेपणा नव्हे.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील डेव्हनपोर्ट या गावी 16 डिसेंबर 2021 रोजी एका प्राथमिक शाळेत वर्षअखेरीचा आनंदसोहळा चालू होता. अचानक आलेल्या वाऱ्याने तेथील फुगवलेला किल्ला उचलला आणि सहा मुले मृत्युमुखी पडली. किल्ल्याला जखडण्याच्या आठ जागा होत्या. त्यांपैकी चारच वापरल्या गेल्या होत्या. जून 2025 मध्ये न्यायालयाने खेळ पुरवणाऱ्या व्यावसायिकाला दोषमुक्त केले. काळजी घेण्यात कसूर झाली होती हे न्यायालयाने मान्य केले. परंतु ती वावटळ आधी ओळखता येण्याजोगी नव्हती आणि सर्व खुंट्या ठोकल्या असत्या तरी अनर्थ टळला नसता, असा निष्कर्ष काढला.

या निकालावरून कोणी म्हणेल, मग खुंट्या ठोकून तरी काय उपयोग? हा युक्तिवाद फसवा आहे. खुंट्या नेहमीच्या वाऱ्यासाठी असतात आणि नेहमीचा वारा रोजच येतो. राहिली वावटळ. डेव्हनपोर्टमध्ये ती अनपेक्षित ठरली. उत्तरेच्या मैदानी प्रदेशात तसे म्हणता येणार नाही. मे-जूनच्या तापलेल्या दुपारी मोकळ्या मैदानावर धुळीचे भोवरे उठतात आणि संध्याकाळी आंधी येते, हे चंदीगडच्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्या दिवसांत मोकळ्या मैदानावर असा किल्ला उभारूच नये, हेच शहाणपणाचे.

चढाईच्या भिंतीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्यावर चढणाऱ्याच्या अंगावर पट्टा असतो आणि पट्ट्याला दोर. पट्टे आणि दोर झिजतात, म्हणून ते रोज तपासावेच लागतात. परंतु दोर मजबूत असूनही तो पट्ट्यात अडकवायचाच राहून गेला, तर मूल विनादोर वर पोहोचते आणि हात सुटला की सरळ खाली येते. एकाने अडकवायचे व दुसऱ्याने हात लावून पाहायचे, ही पद्धत त्यासाठीच आहे. रांग लांबली की दुसरा माणूस तिकिटे फाडायला जातो, आणि धोका तेथेच सुरू होतो.

चंदीगड परिसराला अशा दुःखाची ओळख नाही असे नाही. 4 सप्टेंबर 2022 रोजी शेजारच्या मोहालीत दसरा मैदानावरील मेळ्यात उंच पाळणा माणसांसह खाली कोसळला आणि दहाहून अधिक जण जखमी झाले. जून 2024 मध्ये चंदीगडच्याच एका व्यापारसंकुलात लहान मुलांच्या आगगाडीचा शेवटचा डबा उलटला आणि अकरा वर्षांचा एक मुलगा दगावला. गाडी सपाट फरशीवर, माणसाच्या चालीने फिरणारी! तिच्यापासून काही अपाय होईल अशी शंका कोणाला आली असेल?

अशा प्रत्येक घटनेनंतर परवानगीचा कागद शोधला जातो. कागद हवाच. यंत्राची तपासणी आणि विमाही हवा. तथापि कागद सकाळी तयार होतो आणि वारा दुपारी सुटतो. त्या क्षणी खेळाजवळ कोण उभे असते? बहुधा परगावाहून आलेला, शाळा अर्ध्यावर सुटलेला एखादा तरुण. तो तिकिटे घेतो, मुलांचे बूट काढतो, थोराड मुलांना लहानग्यांपासून वेगळे ठेवू पाहतो आणि पंख्याच्या आवाजाकडे कानही ठेवतो. झाड डोलू लागलेले त्यालाच आधी दिसते. पण खेळ थांबवला तर गल्ला थांबतो, मालक रागावतो, रांगेतले पालक आवाज चढवतात. अशा वेळी तो आकाशाकडे पाहतो आणि पुढचे तिकीट फाडतो. दोष त्याच्यावर टाकणे सोपे आहे. मात्र थांबवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेलाच नसतो.

तो अधिकार दिला पाहिजे, आणि तो लेखी दिला पाहिजे. खेळ चालवणाऱ्या माणसाला चार दिवसांचे का होईना, शिक्षण मिळावे. त्याची मजुरी तिकिटांच्या संख्येवर ठरू नये. वाऱ्यामुळे खेळ बंद ठेवल्यास त्याचा रोज कापला जाऊ नये. मैदान भाड्याने देणाऱ्या संस्थेने या अटी करारातच घालाव्यात. मालकांना हे महाग वाटेल. पण एका संध्याकाळचा बुडालेला गल्ला दुसऱ्या संध्याकाळी भरून निघतो.

पालकांकडेही काही काम उरते. रांगेत तासभर उभे राहिल्यावर, आपल्या मुलाची पाळी आलेली असताना, समोरचा पोरगा म्हणाला, "भाईसाहब, हवा तेज है, अभी बंद," तर त्याच्याशी हुज्जत न घालता पैसे परत घ्यावेत आणि मुलाला भुट्टा घेऊन द्यावा.