आगबोटीवरची वीज आणि आपली पेटी



बेळगाव जिल्ह्यातील एका खेड्यातून एका वाचक भगिनीचे पत्र ह्या आठवड्यात आमच्या हाती आले. त्यांचा थोरला मुलगा परदेशी प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात नोकरीस आहे. सहा वर्षांच्या नोकरीनंतर त्याने आपल्या आईवडिलांना सात दिवसांच्या समुद्रसफरीस बोलाविले आहे. पारपत्रे तयार झाली, विमानाची तिकिटे आली, आणि पेटी भरण्याच्या वेळी घरात तंटा उभा राहिला.

वडिलांनी पेटीत पाच वस्तू ठेविल्या होत्या: चार प्लगांचा एक्स्टेन्शन बोर्ड, लहान इस्त्री, पाणी तापविण्याची कॉइल, चहासाठी विजेची किटली, आणि मोबाइलसाठी एक मोठी पॉवर बँक. मुलाने कळविले की पहिल्या चार वस्तू घरीच ठेवाव्यात, नाहीतर जहाजावर चढतानाच काढून घेतल्या जातील. वडिलांना हे फार लागले. "ज्या ठिकाणी आपली तारदेखील भिंतीला लावू देत नाहीत तेथे पाहुणा म्हणून जावेच कशाला?" असे म्हणून त्यांनी जाण्याचाच बेत रहित करावयास घेतला आहे. त्यात आणखी एक अडचण अशी की त्यांचा श्वास झोपेत अडखळतो. त्यासाठी डॉक्टरांनी नाकावर लावून झोपावयाचे सीपॅप नावाचे हवेचे यंत्र दिले आहे. एक्स्टेन्शन बोर्ड नाही आणि खाटेजवळ सॉकेटही नाही, अशी वेळ आली तर सात रात्री कशा काढावयाच्या, ही त्या माउलीची खरी चिंता आहे.

"हे नियम खरोखरीच गरजेचे आहेत, की कंपनीचा नुसता तोरा आहे?" असे त्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. गोव्यातील व आसपासच्या कित्येक घरांतून आज कोणी ना कोणी तारवटी म्हणून समुद्रावर आहे, आणि आईवडिलांना एकदा आपले जहाज दाखवावे ही इच्छा त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात असते. म्हणून उत्तर सर्वांसाठीच देत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गावात आग लागली तर माणसे घराबाहेर पडतात, शेजारी कळश्या घेऊन धावतात, आणि तालुक्याहून बंब येतो. भर समुद्रात बाहेर कोठे पडावयाचे? तेथे बंब यावयाचा नाही. जहाजावरील नोकरमाणसे हाच तेथला बंब. खलाशांच्या शिक्षणाविषयी १९७८ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याप्रमाणे जहाजावर काम करणाऱ्यांना आग विझविण्याचे मूलभूत शिक्षण घ्यावे लागते. ज्या मुलाने तुम्हांला ही यादी धाडली त्यानेही ते घेतलेले असणार. एखाद्या प्रवाशाच्या खोलीत बोर्ड पेटला, तर त्या धुरात पाण्याची नळी घेऊन शिरण्याची पाळी त्याच्या सोबत्यांवर, कदाचित त्याच्यावरच, येईल. तेव्हा मुलाच्या पत्रात मोठेपणा नाही. आपले काम काय असते ते त्याने तुम्हांला ह्या निमित्ताने सांगितले आहे.

ही भीती कल्पनेतली नव्हे. १९६५ सालच्या नोव्हेंबरात 'यार्मथ कॅसल' नावाचे प्रवासी जहाज अमेरिकेतील मायामीहून बहामा बेटांतील नासाऊकडे निघाले होते. १३ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर त्यावर आग लागली आणि सकाळ होईतो ते बुडाले. ९० माणसे गेली. आगीचा आरंभ एका खोलीत झाला. ती खोली अडगळीसाठी वापरीत असत आणि तेथे गाद्या रचून ठेविलेल्या होत्या. नेमके कारण पुढे ठामपणे सिद्ध झाले नाही. पण चौकशीत जी संभाव्य कारणे पुढे आली, त्यांत त्या खोलीत दिव्यासाठी केलेली कामचलाऊ वीजजोडणी हे एक होते. जहाजाच्या वरच्या भागात लाकूड पुष्कळ असल्याने आग भराभर पसरली. ह्या व अशा दुर्घटनांनंतर प्रवासी जहाजांच्या आगीविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम अधिक कडक झाले. विजेची शेगडी वापरावयाचीच असेल तर ती जागच्या जागी पक्की बसविलेली असावी, असेही त्या नियमांत सांगितले आहे. हलती-फिरती तापणारी वस्तू जहाजावर नको, हे तत्त्व अशा अनुभवांतून आलेले आहे.

आता वडिलांचा आक्षेप पाहू. "हाच बोर्ड दहा वर्षे घरात वापरतो आहोत, काही झाले नाही," असे ते म्हणतात. ते खरे असेल. पण बोर्ड तोच राहिला तरी जहाजावरची वीज घरच्यासारखी नसते.

आपल्या घरात विजेच्या दोन मुख्य तारा येतात. एक जिवंत, वायरमन तिला फेज म्हणतो. दुसरी न्यूट्रल, ती ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे न्यूट्रल आणि जमीन ह्यांच्यात विजेचा दाब जवळजवळ नसतोच, आणि बटणाने एक फेज तोडली की धोका बहुतांशी टळतो. जहाजाला जमीन कोठली? त्याचा पोलादी सांगाडा हीच त्याची जमीन. परंतु पुष्कळ जहाजांवर दोहोंपैकी एकही तार त्या सांगाड्याशी मुद्दाम जोडीत नाहीत. दोन्ही तारा जिवंत ठेवतात. ह्याला कारण आहे. एखादी तार चुकून सांगाड्याला टेकली, तरी तेवढ्याने वीज बंद पडू नये आणि सुकाणू व पंप चालू राहावेत, अशी ती योजना असते.

अशा ठिकाणी आपला सर्ज-संरक्षक बोर्ड लावला म्हणजे काय होते ते पाहा. ह्या बोर्डाच्या पोटात लहानशा चकत्या असतात. विजेचा दाब एकाएकी वाढला, की त्या जास्तीची वीज अर्थच्या तारेकडे वळवितात आणि यंत्र वाचवितात. हे काम क्षणभराचे, तेवढ्यापुरतीच त्यांची शक्ती. जहाजावर दूर कोठेतरी एक तार सांगाड्याला टेकली, तर दुसऱ्या तारेचा सांगाड्याशी असलेला दाब वाढून बसतो आणि दोष सापडेपर्यंत तसाच राहतो. बिचारी चकती आपले कर्तव्य म्हणून वीज वळवीतच राहते, तापते, आणि अखेर भोवतालचे प्लास्टिक पेटू शकते. शिवाय घरगुती बोर्डाचे बटण बहुधा एकच तार तोडते. बोर्ड बंद दिसतो, पण दुसऱ्या जिवंत तारेने आत वीज असतेच. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ साली ह्याच विषयावर इशारा प्रसिद्ध केला. एका मालवाहू जहाजावर राहण्याच्या खोल्यांत आगीचे दोन गंभीर प्रसंग थोडक्यात टळले होते, आणि दोहोंचे मूळ असल्या बोर्डांत सापडले होते.

कोणी म्हणेल, आमचा बोर्ड साधा आहे, त्यात ह्या चकत्या नाहीत. मग प्रश्न उरतो तो भाराचा. जहाजावरील खोल्यांत पुष्कळदा ११० व्होल्टची अमेरिकन सॉकेटे असतात, आणि त्यांच्या जोडीला २२० व्होल्टची युरोपीय. एक हजार वॅट उष्णता देणारे उपकरण आपल्या २३० व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर वीज ओढते. तेवढीच उष्णता ११० व्होल्टवर मिळवावयाची तर नऊ अँपिअर लागतात. वीज दुप्पट झाली की तीच तार चौपट तापते. ती तार गालिच्याखाली किंवा गादीखाली दाबली गेली असली तर उष्णतेला वाट मिळत नाही. मोठ्या जहाजावर खोल्या किती असतात? २०२४ साली प्रवासास निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' ह्या जहाजावर सुमारे २,८०० खोल्या आहेत. प्रत्येकाने आपापला बोर्ड आणला आणि हजारांत एकच सदोष निघाला, तरी सदोष बोर्ड तीनच्या घरात जातात. कप्तानाने कोणाकोणाचा बोर्ड तपासावा? म्हणून तो सरसकट नको म्हणतो. त्यात तुमच्यावर अविश्वास नाही.

आता काय न्यावे आणि काय नेऊ नये, ते थोडक्यात सांगतो. इस्त्री, कॉइल, किटली, विजेची शेगडी, कॉफीचे यंत्र ह्या तापणाऱ्या वस्तू प्रवासी कंपन्या बहुधा खोलीत चालू देत नाहीत. सर्ज-संरक्षक बोर्डाचेही तेच. साध्या मल्टिप्लगाविषयी मात्र कंपन्यांत मतभेद आहेत. रॉयल कॅरिबियन कंपनीने २०२४ साली एक्स्टेन्शनच्या तारा व मल्टिप्लग बंदीच्या यादीत घातले. दुसऱ्या काही कंपन्या सर्ज-संरक्षण नसलेली वस्तू सांभाळून वापरू देतात. म्हणून तिकिटावर जिचे नाव असेल त्याच कंपनीचे ताजे नियम वाचावेत. शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये. मोबाइलचे चार्जर, दाढीचे यंत्र, केस वाळविण्याचे यंत्र ह्यांना सामान्यतः हरकत नसते. बंदीची वस्तू तपासणीत सापडली तर ती काढून ठेवतात आणि बहुधा सफर संपताना परत देतात. तथापि रांगेत सर्वांदेखत पेटी उघडावी लागते, त्यापेक्षा ती वस्तू घरीच ठेवणे शोभते.

आपल्या तीन जाड गोल पिनांचा प्लग तेथे बसणार नाही. चपट्या दोन पिनांचा आणि गोल दोन पिनांचा असे दोन साधे अ‍ॅडॅप्टर बरोबर असावेत. अ‍ॅडॅप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही, हे विसरू नये. म्हणून प्रत्येक उपकरणावरील बारीक अक्षरे वाचावीत. 'इनपुट'पुढे १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असले तर ते दोन्हीकडे चालेल.

पॉवर बँकेविषयी नियम विमानाचे आहेत, कारण जहाजापर्यंत जावयाचे तर आधी विमान गाठावे लागते. ती वजन करून द्यावयाच्या मोठ्या पेटीत कधीही ठेवू नये. हातातील पिशवीतच ठेवावी. १०० वॉट-तासांपर्यंतची सामान्यतः चालते. हिशेब सोपा आहे: २०,००० मिलिअँपिअर-तासांची बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तासांची होते. फुगलेली किंवा वेष्टण फाटलेली बँक मात्र कितीही लहान असली तरी नेऊ नये.

आता त्या माउलीच्या खऱ्या चिंतेकडे वळतो. श्वासाचे यंत्र हे औषधोपचाराचे साधन आहे आणि प्रवासी कंपन्या ते आणू देतात. मात्र जाण्यापूर्वी, शक्य तर काही आठवडे आधी, कंपनीच्या विशेष गरजा पाहणाऱ्या विभागास लेखी कळवावे. खाटेपासून सॉकेट दूर असेल तर जहाजाने मंजूर केलेली एक्स्टेन्शनची तार तेथूनच मिळण्याची सोय बहुतेक कंपन्या करतात. यंत्रात घालावयाच्या ऊर्ध्वपातित पाण्याची मागणीही त्याच पत्रात करावी. त्याचे पैसे पडतील की नाही तेही विचारून घ्यावे. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. यंत्र हातातील पिशवीतच असावे, कारण मोठ्या पेट्या खोलीवर पोचेपर्यंत कधी कधी संध्याकाळ होते. खोलीत पाऊल टाकताच पहिले काम हे करावे: सॉकेट कोठे आहे ते पाहावे, आणि तार आलेली नसेल तर दिवस असतानाच खोलीच्या सेवकास सांगावे. रात्री अकरा वाजता धावाधाव करू नये.

आणखी एक सूचना. जहाज सुटण्यापूर्वी, अथवा सुटल्याबरोबर, प्रवाशांना आपत्तीच्या वेळी कोठे जमावयाचे ते शिकवितात. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाजाला अपघात झाला, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येकांना हे शिक्षण मिळालेलेच नव्हते. त्यानंतर हा नियम अधिक कडक झाला. कंटाळा करून खोलीत बसू नये.

जाता जाता घरच्यासाठीही दोन शब्द. जहाजाचे नियम वाचून आपल्या घरातील बोर्डाकडे एकदा पाहावे. एकाच बोर्डावर इस्त्री, मिक्सर आणि कॉइल, प्लग तुटला म्हणून उघड्या तारा काडी खुपसून बसविलेल्या, आणि अर्थची पिन अडते म्हणून कापून टाकलेली, असे चित्र आपल्याकडे दुर्मिळ नाही. दीड हजार वॅटची कॉइल साडेसहा अँपिअर वीज ओढते. ती दिव्याच्या लहान सॉकेटात लावण्याची नव्हे. बादलीत कॉइल असताना पाण्यात बोट घालून पाहण्याची सवय तर प्राणावर बेतू शकते. जहाजावर हे पाहावयास कप्तान असतो. घरात ते आपणच पाहावयाचे.

त्या भगिनीच्या यजमानांना आमची नम्र विनंती आहे की बेत मोडू नये. बोर्ड आणि इस्त्री माळ्यावर राहू द्यावी आणि यंत्राविषयीचे पत्र आजच धाडावे. इस्त्री नाही म्हणून सदऱ्याला चार चुण्या पडतील, पण मुलगा त्या पाहणार नाही. सहा वर्षे ज्या जहाजावर तो दुसऱ्यांची ताटे वाढीत आला, त्याच जहाजावर आपले आईवडील पंगतीस बसलेले त्याला पाहावयाचे आहेत.