उभी गाडी आणि वाळता ऊस



डिसेंबरची थंडी पडली की शेतकी विभागाचा फोन पहाटे पाचलाच वाजू लागतो, आणि पलीकडून बहुधा एकच तक्रार असते : "साहेब, गाडी सेल्फच नाही घेऊन राहिली." गाडी आदल्या संध्याकाळी भरलेली असते, टोळी दुसऱ्या वावरात कोयता घेऊन उभी असते, ड्रायव्हर चावी फिरवून थकलेला असतो आणि ज्याचा ऊस आहे तो सभासद नुसता गाडीभोवती फेऱ्या मारीत असतो. मग धक्का, मग ट्रॅक्टरची साखळी, मग तालुक्याहून मिस्त्री. या सगळ्यात दुपार टळते. हे दुखणे मिस्त्रीचे आहे, आपले नाही, असे समजून आपण गप्प बसतो. माझे मत याच्या अगदी उलट आहे.

उभा ऊस वाट पाहतो, तोडलेला ऊस पाहत नाही. कोयता लागल्यापासून उसातले पाणी उडू लागते, म्हणजे काट्यावरचे वजन घटते. त्यासोबत आतली साखर मोडून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊ लागते. त्याची दाणेदार साखर होत नाही, ते मळीत जाते. वजनाची घट ज्याची त्याला बसते, पण उताऱ्याची घट सगळ्यांना वाटून बसते, कारण आपला भाव कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये एफआरपी ठरवण्यात आली, आणि त्याच्या वर-खाली प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैशांचा फरक ठेवण्यात आला. ६० टन ऊस घालणाऱ्या सभासदाला हा फरक दोन हजारांवर जातो. एका उभ्या गाडीने उतारा पडत नाही हे खरे. पण हंगामभर रोज कुठे ना कुठे शिळा ऊस गव्हाणीत पडत राहिला, तर तो हिशेबात येतोच.

आता गाडीकडे वळू. "गाडी चालू होत नाही" या एका वाक्यात दोन निरनिराळी दुखणी आहेत आणि आपण ती एकत्र करतो. एकात इंजिन फिरते पण पेट घेत नाही; तिथे डिझेल, फिल्टर, पाइपात शिरलेली हवा यांचा संशय घ्यावा. दुसऱ्यात इंजिन फिरतच नाही. मी या दुसऱ्याविषयी लिहितो आहे. इथे फिल्टर खोलून काहीएक निष्पन्न होणार नाही, तरी ते खोलणारे बहाद्दर दरवर्षी भेटतात.

विहिरीवरचे जुने किर्लोस्कर इंजिन ज्यांनी हँडल मारून चालू केले आहे, त्यांना हे लवकर समजेल. आधी वरचा लिव्हर उचलून दाब मोकळा करायचा, हँडलने वेग द्यायचा आणि मग लिव्हर सोडायचा. लिव्हर न उचलता हँडल फिरवून पाहा, खांदा निखळेल! डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवावी लागते की डिझेल आपोआप पेटावे. ट्रकच्या इंजिनात असे चार किंवा सहा सिलिंडर असतात. तेवढा दाब मोडून इंजिन फिरवायचे काम सेल्फ मोटारीचे, आणि त्यासाठी ती काही क्षण शेकडो अँपिअर करंट ओढते.

ठोकर लागते ती इथेच. मोठा पंप बसवला आणि पाइपात काडीकचरा अडकला तर पाणी येत नाही, तसेच हे. करंट ४०० अँपिअर असेल आणि टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या भुग्याने ओहमच्या शंभराव्या भागाएवढाच अडथळा केला, तरी ४ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून ड्रायव्हर म्हणतो बॅटरी ठणठणीत आहे. दिव्याला लागतो थोडा करंट. सेल्फला लागतो महापूर. तीच गत इंजिन ते चेसिस या अर्थच्या पट्टीची. ती खाली, धुळीत आणि उसाच्या रसात माखलेली असते, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि वीज जाते तितकीच परतही यावी लागते हे विसरले जाते.

एक साधी परीक्षा सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. बॅटरीचा कट-ऑफ स्विच चालू आहे ना, हे आधी पाहा (हसू नका, पुष्कळदा तोच बंद सापडतो). हेडलाइट लावून एकाने समोर उभे राहावे आणि दुसऱ्याने क्लच दाबून चावी फिरवावी. दिवे एकदम विझले किंवा खडखड-खडखड असा आवाज आला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. दिवे मुळीच हलले नाहीत आणि आवाजही नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही : फ्यूज, रिले, चावीचा स्विच, आणि नव्या गाड्यांत न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच तपासावा. एकच जड 'टक्' होऊन शांतता, तर सोलेनॉइडचे आतले संपर्क, अर्थची पट्टी किंवा खुद्द सेल्फ मोटार. मोटार घुर्रर्र फिरते पण इंजिन जागचे हलत नाही, तर बेंडिक्स. आणि बॅटरी चांगली, जोड स्वच्छ, तरी दिवे मंद होऊन सगळे जागीच अडते, तर चावी सोडा. सिलिंडरात पाणी शिरले असेल किंवा इंजिन जाम झाले असेल. तिथे जोर लावला तर दांडाच वाकेल. मिस्त्री बोलवायचा तो इथे.

हातात मल्टिमीटर असेल तर काम आणखी सोपे. ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. रात्रभर उभ्या गाडीत प्रत्येकीवर साधारण १२.६ दिसले तर ती भरलेली आहे, १२ च्या आसपास असेल तर रिकामी. दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एक मेलेली बॅटरी जोडीदारणीलाही घेऊन बसते.

दुखणे डिसेंबरात दिसते म्हणून ते थंडीचे, असे मात्र समजू नये. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५ अंश. बॅटरी मरते ती मे महिन्यात. उन्हाने पाणी उडते, प्लेटा उघड्या पडतात, आणि हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला की उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर घट्ट बसतो. थंडीत ऑइल दाट होते, इंजिन जड फिरते आणि मेलेली बॅटरी उघडी पडते एवढेच. गाडीअड्ड्यावर इंजिन बंद ठेवून रात्रभर टेप वाजवणारे आणि पंखे चालवणारे उरलासुरला जीव घेतात, ते वेगळे.

एका गोष्टीवर मात्र मला हात जोडून सांगायचे आहे. गाडीखाली सरकून पान्याने सेल्फचे टर्मिनल जोडणे ही आपल्याकडे हुशारी समजली जाते. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती त्याच क्षणी अंगावर येते. ट्रॅक्टरवर असे करताना माणसे चाकाखाली गेली आहेत. शिवाय ठिणगी उडते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन आणि भोवतालचे पाचट, दोन्हीला तेवढी पुरते. साखळीने ओढतानाही भान हवे. हवेचा दाब नसेल तर ब्रेक हाती नसतो, स्टिअरिंग जड होते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांचा कारभार इलेक्ट्रॉनिक आहे, बॅटरी पार उतरली असेल तर त्या ओढूनही चालू होत नाहीत. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी २४ व्होल्टच्या ट्रकला लावू नये, हे निराळे सांगायला नको.

आता माझे म्हणणे. वाहतुकीचा करार करताना आपण कागदपत्रे पाहतो, जामीनदार पाहतो, उचल मोजून देतो, पण गाडीची बॅटरी कोणत्या सालची आहे हे विचारत नाही. मला वाटते, पहिली खेप देण्यापूर्वी प्रत्येक ट्रक व ट्रॅक्टरची बॅटरी, जोड आणि सेल्फ अड्ड्यावर तपासले जावेत व ही अट करारातच असावी. दुसरे, 'आधी गाडी, मग कोयता'. वावरात आलेली गाडी बंद करून पुन्हा चालू होते की नाही हे पाहिल्याशिवाय टोळीने तोड सुरू करू नये. यावर मुकादमांची तक्रार येईल, आणि ती वाजवी आहे : टोळीला टनावर मजुरी मिळते, तास वाया गेला तर त्यांचे पोट मारले जाते. तेव्हा गाडीच्या दोषाने खोळंबा झाल्यास टोळीची भरपाई वाहतूकदाराने द्यावी. वाहतूकदार म्हणतील, आम्ही आधीच डिझेलच्या भावाने बेजार आहोत. खरे आहे. पण टर्मिनल धुवायला गरम पाणी आणि खाण्याचा सोडा लागतो, वरून थोडे व्हॅसलीन. मात्र धुण्याआधी कट-ऑफ बंद करून अर्थची वायर सोडावी आणि ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात गावोगावी मिस्त्री आहे. आपल्याकडे ऊस धानाच्या बांध्या आणि संत्र्याच्या बागांमध्ये विखुरलेला, खेप लांबची, आणि मिस्त्री यायला अर्धा दिवस. म्हणून प्रत्येक गट कार्यालयात एक मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ठेवावा, असा प्रस्ताव मी शेतकी विभागापुढे मांडणार आहे. करारातल्या दोन अटींचा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनीच काढला तर बरे होईल.

— ऊस विकास अधिकारी